वीज जाऊन आली की घड्याळ सात मिनिटे पुढे: नेटवर्कमधील वेळेचा वारंवार येणारा दोष आणि त्याचा बंदोबस्त

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या नेटवर्कची देखभाल मी पाहतो. साठेक संगणक, आभासी यंत्रे (म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारा एक मोठा सर्व्हर, त्याच्याच पोटात चालणारा आणि सगळ्यांचे लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर, लिनक्सवरचा फाइल सर्व्हर, फाटकाजवळचे बोटाच्या ठशाचे हजेरी यंत्र आणि सोळा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असा तिथला पसारा आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एकच दोष तीनदा उद्भवला, तीनही वेळा मी तो दूर केला असे समजून घरी आलो आणि तीनही वेळा तो परत आला. चौथ्यांदा मात्र मुळापर्यंत जाऊन शोध घेतला. ज्यांच्याकडे असाच त्रास आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा शोध क्रमाने लिहीत आहे.

लक्षणे अशी होती. रात्री वीज जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब विभागातून फोन येई की फाइल सर्व्हरवरचे फोल्डर उघडत नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. नोंदी पाहिल्यावर दिसे की डोमेन कंट्रोलरचे घड्याळ काही मिनिटांनी, शेवटच्या वेळी ७ मिनिटे १७ सेकंदांनी, म्हणजे ४३७ सेकंदांनी, पुढे गेले आहे, तर फाइल सर्व्हरचे घड्याळ जिथल्या तिथे आहे. डोमेनमध्ये ओळख पटवण्याचे काम केर्बेरॉस ही पद्धत करते, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ती मूळ मांडणीनुसार ओळखपत्र नाकारते. कोणीतरी जुने ओळखपत्र चोरून पुन्हा वापरू नये यासाठी ही मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ती वाढवून ठेवणे हा उपाय नव्हे. मी डोमेन कंट्रोलरचे घड्याळ हाताने लावत असे, फोल्डर उघडत असे आणि सगळे कामाला लागत असत.

दुसरे लक्षण माझ्यापर्यंत उशिरा पोहोचले, आणि त्याची खंत मला अजून आहे. हजेरीचे सॉफ्टवेअर डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेते आणि तीच वेळ फाटकावरच्या यंत्रात भरते. पहिली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. ज्या दिवशी घड्याळ पुढे गेलेले असे, त्या दिवशी ६ वाजून ५६ मिनिटांनी बोट टेकवणाऱ्या कामगाराची नोंद ७ वाजून ३ मिनिटांची होई, तिच्यापुढे लेट मार्क लागे आणि असे तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. एका कामगाराने स्वतःच्या मोबाइलवरची वेळ दाखवून तक्रार केली, तेव्हा त्याला यंत्र खोटे बोलत नाही असे उत्तर मिळाले होते. यंत्र खोटेच बोलत होते, आणि ते यंत्र माझ्या देखरेखीखालचे होते.

हा दोष शोधताना मी आधी जी चूक केली ती सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जण तीच करतात. घड्याळ चुकलेले दिसले की आपण घड्याळ लावतो. पण जे घड्याळ पुन्हा पुन्हा एकाच दिशेने चुकते, ते बिघडलेले नसते. त्याला कोणीतरी चुकीची वेळ सांगत असते. म्हणून अशा ठिकाणी घड्याळाला हात लावण्याआधी ते कोणाचे ऐकते हे शोधावे. हाताने वेळ लावली की पुरावा पुसला जातो, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागतो.

डोमेन कंट्रोलरवर डब्ल्यू ३२ टीएम या आज्ञेला क्वेरी आणि सोर्स हे शब्द जोडून विचारले की सध्याची वेळ कोणाकडून येते ते कळते. आमच्याकडे उत्तर आले "लोकल सीमॉस क्लॉक", म्हणजे यंत्राचे स्वतःचेच घड्याळ, बाहेरून कोणाकडूनच नाही. मांडणीत बाहेरच्या वेळ सर्व्हरचे नाव तर लिहिलेले होते. मग फायरवॉलच्या नोंदी उघडल्या, तेव्हा कळले की वेळ विचारण्यासाठी बाहेर जाणाऱ्या यूडीपी १२३ या पोर्टला (नेटवर्कवरच्या दाराला) परवानगी देणारा नियम जुन्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी होता. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बदलला, पत्ता बदलला आणि नियम तसाच राहिला. इतका काळ डोमेन कंट्रोलर बाहेरची वेळ विचारत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हते.

पण उत्तर न मिळणारे घड्याळ हळूहळू वाहत जाते, ते एका रात्रीत ४३७ सेकंदांची उडी मारत नाही. उडी कोणी मारली हे विंडोजच्या सुरक्षा नोंदींत ४६१६ क्रमांकाच्या घटनेत सापडते. प्रणालीची वेळ बदलली की ही नोंद होते, तिच्यात आधीची वेळ, नंतरची वेळ आणि वेळ बदलणाऱ्या प्रक्रियेचे नाव असते. माझ्या मते हा संपूर्ण शोधातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे, आणि पहिल्याच दिवशी तो पाहिला असता तर पुढच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. आमच्या नोंदीत वेळ सेवेचे नाव नव्हतेच. आभासी यंत्रात बसवलेल्या, यजमान सर्व्हरशी (ज्याच्या पोटात ते यंत्र चालते त्या मोठ्या सर्व्हरशी) बोलणाऱ्या साहाय्यक सॉफ्टवेअरचे नाव होते.

इथे एक बारकावा आहे. यजमानाकडून आभासी यंत्राने सतत वेळ घ्यावी की नाही याची खूण मांडणीत काढून टाकलेली होती, त्यामुळे ही वाट बंद आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अनेक आभासी प्रणालींत ही खूण केवळ नियमित समक्रमणापुरती असते. यंत्र पुन्हा सुरू झाले, थांबवलेले यंत्र परत चालू केले किंवा स्नॅपशॉट (यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घेतला की यजमानाची वेळ एकदा आत ढकलली जाते, आणि ते थांबवण्याची मांडणी वेगळ्या ठिकाणी असते. म्हणूनच हाताने लावलेली वेळ आठवडेच्या आठवडे टिकत असे आणि वीज जाऊन आली की बिघडत असे.

यजमान सर्व्हरचे घड्याळ ४३७ सेकंद पुढे का, हा पुढचा प्रश्न. त्याच्या मांडणीत वेळेचा स्रोत म्हणून आतल्याच नेटवर्कमधला एक पत्ता होता. माझ्या आधीच्या देखभाल करणाऱ्याने तो लिहिला असावा. तो पत्ता निघाला कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा. कॅमेऱ्यांना वेळ पुरवण्यासाठी रेकॉर्डरमध्ये वेळ सर्व्हरची सोय असते आणि ती चालू होती. रेकॉर्डर स्वतः मात्र कोणाकडूनच वेळ घेत नव्हता. स्वस्त क्वार्ट्झ स्फटिकाचे घड्याळ दहा लाखांत ५० भागांनी चुकत असेल तर ते दिवसाला ४.३ सेकंद सरकते, आणि त्या हिशेबाने ४३७ सेकंदांचा फरक पडायला सुमारे १०१ दिवस लागतात. रेकॉर्डरची वेळ शेवटची कधी लावली होती ते सुरक्षारक्षकांच्या वहीत सापडले आणि हिशेब जवळपास जुळला. बिचाऱ्या रेकॉर्डरने कोणालाही फसवले नव्हते. त्याला विचारले म्हणून त्याने स्वतःची वेळ सांगितली, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानेही ती तपासून पाहिली नाही.

नेटवर्कवर हा संवाद कसा दिसतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. वेळ समक्रमणाचा एनटीपी हा नियमसंच डेव्हिड मिल्स यांनी घडवला. १९८५ मध्ये त्याचे पहिले स्वरूप प्रसिद्ध झाले आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २०१० ची आहे. त्यात दर फेरीला चार वेळा टिपल्या जातात. यजमानाने आपल्या घड्याळाप्रमाणे १०:००:००.००० ला प्रश्न पाठवला, रेकॉर्डरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे १०:०७:१७.०२० ला मिळाला, त्याने १०:०७:१७.०२१ ला उत्तर सोडले आणि ते यजमानाकडे १०:००:००.०४१ ला पोहोचले असे समजू. जातानाचा फरक ४३७.०२० सेकंद आणि येतानाचा ४३६.९८० सेकंद, दोहोंची सरासरी ४३७ सेकंद. प्रवासाला एकूण ४० मिलिसेकंद लागले. इतके सूक्ष्म गणित करून यजमानाने स्वतःचे बरोबर चालणारे घड्याळ ४३७ सेकंदांनी अचूक चुकवून घेतले. गणितात कुठेही दोष नाही. विश्वास ठेवण्याजोगा कोण, हा प्रश्न या गणिताच्या बाहेरचा आहे आणि तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

आमच्याकडे हे अनवधानाने घडले, म्हणून निभावले. पण हीच वाट कोणी जाणूनबुजून वापरली तर काय होईल याचा विचार करताच मला पुढचे सारे काम सुरक्षेच्या दृष्टीने करावेसे वाटले. साधा एनटीपी संवाद उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. त्यावर सही नसते आणि मजकूर वाटेत कोणालाही वाचता येतो. यंत्राने पाठवलेल्या प्रश्नातली वेळ उत्तरात जशीच्या तशी परत आली आहे का, एवढीच तपासणी मूळ नियमात आहे. दूर बसलेल्या आणि प्रश्न न पाहिलेल्या भामट्याला ती अडवते, पण वाटेतल्या राउटरवर किंवा त्याच स्विचवर बसलेल्याला अजिबात अडवत नाही. घड्याळ मागे नेता आले तर सर्व्हरची ओळख पटवणारे, मुदत संपलेले प्रमाणपत्र पुन्हा वैध दिसू लागते. घड्याळ पुढे नेले तर चालू प्रमाणपत्रे बाद होतात, ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिनचे सांकेतांक जुळत नाहीत आणि घुसखोरीच्या नोंदी अशा वेळेला पडतात की दोन यंत्रांच्या लॉगवरून घटनांचा क्रम लावणे अशक्य होते.

सर्वांत आधी मी बाहेरची बाजू तपासली, आणि तिथे आणखी एक उघडे दार सापडले. कारखान्यातल्या एका जुन्या लिनक्स यंत्रावर एनटीपीडी हे वेळ पुरवणारे सॉफ्टवेअर चालू होते आणि फायरवॉलमधून १२३ हे पोर्ट बाहेरून आत येण्यासाठीही खुले होते. अशा जुन्या आवृत्त्यांत मोनलिस्ट नावाची एक सोय असे. तिला छोटासा प्रश्न केला की ती अलीकडे संपर्क केलेल्या जास्तीत जास्त ६०० यंत्रांची यादी परत पाठवी. हल्लेखोर प्रश्न पाठवताना प्रेषक म्हणून आपल्या सावजाचा पत्ता लिहितो, मग ती भलीमोठी यादी सावजावर जाऊन आदळते. २०१४ च्या फेब्रुवारीत अशाच पद्धतीने सेकंदाला सुमारे ४०० गिगाबिट इतका मारा झाला होता. आपल्या घरची खिडकी उघडी राहिली म्हणून तिसऱ्याच्याच घरावर दगड पडावेत, असा हा प्रकार आहे. ते दार मी त्याच दिवशी बंद केले. बाहेरच्या जगाला वेळ पुरवणे हे आपले काम नसेल, तर १२३ पोर्टवर बाहेरून सुरू होणारी एकही विनंती आत येऊ देऊ नये. जुने एनटीपीडी ठेवावेच लागत असेल तर त्याच्या मांडणीत रिस्ट्रिक्ट डिफॉल्ट या ओळीत नोक्वेरी, नोमॉडिफाय आणि लिमिटेड हे शब्द असल्याची खात्री करावी, आणि शक्य तितक्या लवकर ते बदलावे.

नव्या रचनेत वेळेची एकच वंशावळ ठेवली आहे. कोणत्या यंत्राने कोणाकडून वेळ घ्यायची हे कागदावर लिहून सर्व्हर खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. दोन साधी, प्रत्यक्ष यंत्रे, म्हणजे आभासी नव्हेत, क्रोनी हे वेळ जुळवणारे सॉफ्टवेअर घालून कारखान्याचे वेळ सर्व्हर केले. फक्त या दोघांनाच बाहेर वेळ विचारण्याची परवानगी आहे. बाकी कोणत्याही यंत्राची १२३ पोर्टवरची बाहेर जाणारी विनंती फायरवॉल अडवतो आणि तिची नोंदही करतो. या नोंदीच फार बोलक्या ठरल्या: पहिल्या दोन दिवसांत तीन कॅमेरे, एक प्रिंटर आणि एक वायफायचा डबा आपापल्या कारखानदाराने भरून दिलेल्या परदेशी पत्त्यांवर वेळ विचारताना सापडले. त्या सगळ्यांना आतल्या दोन सर्व्हरचे पत्ते दिले. रेकॉर्डरमधली वेळ सर्व्हरची सोय बंद केली.

बाहेरचे स्रोत निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली कायद्याची आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी, जुळती ठेवायची आहेत. याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याची आणि सायबर घटना ६ तासांत कळवण्याची अट आहे. ज्या लॉगवरची वेळच चुकीची आहे तो १८० दिवस जपून काय साधणार, म्हणून वेळेची अट मला या साऱ्याचा पाया वाटते. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीतील ही प्रयोगशाळा राखते, तेव्हा ती मूळ ठिकाणाहून घेणे तांत्रिकदृष्ट्याही योग्यच आहे.

दुसरी गोष्ट संख्येची. एकाच स्रोतावर विसंबू नये, मग तो कितीही मोठा असो. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वेळ सर्व्हरनी काही काळ चक्क २००० हे वर्ष सांगितले, आणि केवळ त्यांच्यावर विसंबलेल्या अनेक ठिकाणच्या प्रणाली बारा वर्षे मागे गेल्या. दोन स्रोत ठेवले आणि ते भांडले तर खरा कोण हे ठरवता येत नाही. तीन असतील तर एक खोटा ओळखता येतो, आणि चार असतील तर एक बंद पडला तरी ही तपासणी चालू राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनटीपीच्या उत्तम प्रथांच्या दस्तऐवजातही किमान चार स्रोतांची शिफारस आहे. मी पाच ठेवले. क्रोनीच्या मांडणीत मिनसोर्सेस या शब्दापुढे ३ लिहिले की तीन स्रोतांचे एकमत असल्याशिवाय घड्याळ हलत नाही. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले की कमरेपर्यंत हे विचारतो. साऱ्या गावाची खूण एकच, ती जागची हलत नाही आणि चार जण जाऊन पाहू शकतात, म्हणून पुराच्या बातमीवर भरवसा ठेवता येतो. वेळेच्या स्रोतांकडूनही मला तेवढीच अपेक्षा आहे.

आता सहीचा प्रश्न, म्हणजे उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले हे पडताळण्याचा. यासाठी जुन्या काळी दोन पद्धती होत्या. पूर्वसामायिक किल्लीची (दोन्ही यंत्रांत आधीच ठेवलेल्या एकाच गुप्त किल्लीची) पद्धत आजही चालते, पण तिच्यात सही करण्यासाठी एमडी ५ हे जुने गणित वापरू नये. २०१९ पासून त्याच्या जागी एईएस-सीमॅक सुचवलेले आहे. आणि दर दोन सर्व्हरमागे किल्ली हाताने पोहोचवावी लागते, त्यामुळे ती आतल्या यंत्रांपुरतीच सोयीची. ऑटोकी नावाची दुसरी पद्धत भेद्य ठरलेली आहे, ती कोठे आढळल्यास बंद करावी. २०२० मध्ये मान्य झालेली नेटवर्क टाइम सिक्युरिटी, म्हणजे एनटीएस, ही मात्र आजच्या गरजेची आहे. तिच्यात यंत्र आधी टीसीपी ४४६० या पोर्टवर टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या साहाय्याने सर्व्हरची ओळख पटवते, किल्ल्या ठरवते आणि सोबत काही कुकी (पुढच्या प्रश्नांसोबत दाखवायची कूपने) घेऊन येते. त्यानंतरचा वेळेचा संवाद पूर्वीप्रमाणे यूडीपी १२३ वरच चालतो, पण प्रत्येक पॅकेटवर पडताळता येणारी मोहोर असते आणि प्रत्येक कुकी एकदाच वापरली जाते. क्रोनीच्या ४.० या आवृत्तीपासून ही सोय आहे. सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी एनटीएस हा शब्द जोडायचा आणि फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे ४४६० उघडायचे, एवढेच काम आहे. क्लाउडफ्लेअर, स्वीडनमधील नेटनॉड आणि जर्मनीची पीटीबी ही राष्ट्रीय मापन संस्था असे वेळ सर्व्हर सर्वांसाठी चालवतात. आमच्या पाचांपैकी तीन स्रोत एनटीएसचे आहेत आणि उरलेले दोन देशातले आहेत. सही नसलेले दोन आणि सही असलेले तीन एकमेकांची साक्ष काढतात.

एनटीएसबद्दल दोन इशारे देतो, कारण या दोन्ही ठिकाणी मी स्वतः अडलो. मोहोरेमुळे पॅकेटमधला मजकूर कोणाला बदलता येत नाही, पण वाटेतला माणूस पॅकेट अडवून उशिरा सोडू शकतो. एका बाजूचाच प्रवास लांबवला तर मोजणीत त्या विलंबाच्या निम्मी चूक शिरते. याला उत्तर अनेक स्रोत हेच, आणि फार लांबलेली उत्तरे नाकारणारी मर्यादा. नाशिकहून युरोपात जाऊन येणाऱ्या उत्तराला १५० मिलिसेकंद लागत असतील तर त्यातली चूक फार तर ७५ मिलिसेकंदांची असते. हजेरी, केर्बेरॉस आणि लॉग यांच्यासाठी ती नगण्य आहे. दुसरा इशारा असा की टीएलएसचे प्रमाणपत्र तपासायलाच बरोबर वेळ लागते. यंत्राच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ ची बटन बॅटरी मेली असेल, तर यंत्र उठते तेव्हा त्याच्या दृष्टीने प्रमाणपत्र अजून जारीच झालेले नसते. ते नाकारले जाते, म्हणून वेळ मिळत नाही आणि वेळ नाही म्हणून प्रमाणपत्र नाकारले जाते. यातून सुटण्यासाठी क्रोनीत नोसर्टटाइमचेक नावाची सवलत आहे, पहिल्या फेरीपुरती ती तपासणी वगळते. मी ती वापरलेली नाही, कारण तेवढ्या फटीतून खोट्या जुन्या प्रमाणपत्राला वाव मिळतो. त्याऐवजी दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि बदलल्याची तारीख पेटीवर चिकटवली. साठ रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी सुरक्षेत फट ठेवणे मला पटले नाही.

विंडोजची वेळ सेवा एनटीएस जाणत नाही, त्यामुळे डोमेन कंट्रोलरला आतले दोन क्रोनी सर्व्हर दिले आणि तेवढा प्रवास सर्व्हरच्या स्वतंत्र व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात, बंदिस्त केला. डोमेनमधले बाकीचे संगणक मात्र डोमेन कंट्रोलरकडूनच वेळ घेतात आणि ते तसेच राहू द्यावे. त्या वाटेवरचे उत्तर संगणकाच्या डोमेन खात्याच्या आधारे सही केलेले असते. एखाद्या संगणकाला थेट बाहेरचा सर्व्हर लिहून देणारे हितचिंतक त्याची ही सही नकळत काढून घेतात. डोमेन कंट्रोलर मूळ मांडणीत ४८ तासांपर्यंतची दुरुस्ती विनातक्रार स्वीकारतो, ती मर्यादा ३०० सेकंदांवर आणली. याचा अर्थ मोठा फरक पडला तर तो घड्याळ न हलवता नोंद करील आणि माणसाला यावे लागेल. मला ते अधिक बरे वाटते. यजमानाकडून आत ढकलल्या जाणाऱ्या वेळेच्या सर्व वाटा, म्हणजे सुरू होताना, थांबून परत चालताना आणि स्नॅपशॉटच्या वेळी, एकेक करून बंद केल्या आणि यजमानालाही त्याच दोन सर्व्हरवर आणले.

क्रोनीमध्ये लोकल हा शब्द लिहिला की बाहेरचा संपर्क तुटला तरी सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर वेळ देत राहतो. इंटरनेट वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी त्याचा मोह होतो. मी तो टाळला आहे, कारण बाहेरून एकदाही खातरजमा न झालेले घड्याळ दुसऱ्याला वेळ सांगू लागले की आपला रेकॉर्डरच पुन्हा जन्माला येतो. संपर्क तुटला तरी क्रोनी आपल्या स्फटिकाची शिकलेली चूक वजा करत काही दिवस पुरेशी चांगली वेळ राखते.

एखादाच विंडोज संगणक अचानक काही दिवस किंवा महिने पुढेमागे जात असेल, तर त्याचे कारण वेगळे असू शकते हे इथेच नोंदवतो. विंडोजमध्ये सिक्युअर टाइम सीडिंग नावाची सोय आहे, ती सुरक्षित जोडणीच्या वेळी समोरच्या सर्व्हरने पाठवलेल्या वेळेवरून अंदाज बांधते. त्या रकान्यात आजकाल अनेक सर्व्हर खरी वेळ न लिहिता यादृच्छिक अंक भरतात. ज्या यंत्रांना विश्वासाचा वेळ सर्व्हर आहे त्यांच्यावर ती सोय रजिस्ट्रीतील युटिलाइझ एसएसएल टाइम डेटा ही किंमत ० करून बंद ठेवावी.

बदल झाल्यावर तपासणी कशी केली ते सांगतो. क्रोनीसी सोर्सेस ही आज्ञा दिली की प्रत्येक स्रोताच्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण दिसते. तारा असेल तर तो निवडलेला स्रोत, अधिक असेल तर गणितात धरलेला, एक्स असेल तर खोटा ठरलेला. त्याच ओळीतला रीच हा रकाना गेल्या आठ प्रश्नांचा हिशेब अष्टमान अंकांत देतो, म्हणजे ३७७ दिसले की आठही उत्तरे आली. मुद्दाम म्हणून एका चाचणी यंत्रात रेकॉर्डरची वेळ सेवा तासाभरासाठी चालू करून तिचा पत्ता सहावा स्रोत म्हणून दिला. काही मिनिटांतच त्याच्यापुढे एक्स उमटला आणि घड्याळ जागचे हलले नाही. क्रोनीसी ऑथडेटा या आज्ञेत तीन स्रोतांपुढे एनटीएस आणि कुकीच्या रकान्यात ८ हा आकडा दिसला. मग एका रविवारी कारखाना बंद असताना इंटरनेटची तार काढून मुख्य सर्व्हरची वीज तोडली, दहा मिनिटांनी परत दिली आणि डोमेन कंट्रोलर उठेपर्यंत समोर बसून राहिलो. उठल्यावरचा फरक अर्ध्या सेकंदाच्या आत होता. त्यानंतर दोनदा रात्री वीज जाऊन आली आणि हिशेब विभागातून फोन आला नाही.

फाटकावरचे हजेरी यंत्र मात्र कोणतीही सही पडताळू शकत नाही. त्याच्यासाठी वेगळे व्हीलॅन केले, त्याला फक्त हजेरीच्या सॉफ्टवेअरशी बोलता येते, आणि रोज पहाटे साडेपाचला एक छोटी आज्ञावली त्याची वेळ वाचून ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर माझ्या मोबाइलवर संदेश पाठवते.

जुन्या नोंदींचे काय करायचे हा शेवटचा प्रश्न होता. हजेरीच्या आणि सर्व्हरच्या लॉगमधल्या वेळा दुरुस्त करून टाकाव्यात असे सुचवले गेले, त्याला मी नकार दिला. मूळ नोंद बदलली की ती पुरावा म्हणून उरत नाही. ४६१६ च्या नोंदींवरून घड्याळ कोणत्या दिवशी कितीपासून कितीपर्यंत पुढे होते याचा तक्ता केला, तो मूळ लॉगसोबत जोडला आणि त्याची प्रत मनुष्यबळ विभागाला दिली. त्या तक्त्यावरून त्या त्या दिवसाचा फरक वजा केल्यावर एकूण १४ लेट मार्क चुकीचे ठरले. ते रद्द झाले, आणि कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पगारात जमा झाली.